आधी चिखल बघा, मग बोट

शिडाच्या बोटींविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. या वेळची पत्रं जवळजवळ सगळी एकाच विषयावर आली: ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या जागेसाठी दोन कीलची, म्हणजे पोटाखाली दोन वजनदार पाती असलेली, जुनी बोट.

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही दोघं आणि आमची दोन मुलं एसेक्समध्ये राहतो. आम्ही दोघांनीही आरवायएचा (ब्रिटनमधल्या नौकानयन संघटनेचा) डे स्किपर कोर्स केलाय. ब्लॅकवॉटर नदीच्या एका फाट्यात ओहोटीला कोरडं पडणारं मूरिंग (बोट बांधून ठेवायची जागा) वर्षाला काहीशे पौंडांत मिळतंय. मरीना परवडणारी नाही. बोटीसाठी ८,००० पौंड बाजूला काढलेत. तीन बोटी बघितल्या. १९७४ची वेस्टर्ली सेंटॉर, मागताहेत ४,५००. दोन कीलची सॅडलर २६, मागताहेत ७,९००. आणि एक फिन कीलची (म्हणजे मधोमध एकच खोल पातं), ६,०००ची, तिन्हींत सगळ्यात देखणी. कुठली घ्यावी? क्लबातले मित्र म्हणतात, दोन कीलची बोट वाऱ्यावर चढतच नाही, म्हणजे वारा येतो त्या दिशेला सरकतच नाही.
— एक वाचक, चेल्म्सफर्ड

उत्तर: तीन बोटींचे मिळून ढीगभर फोटो पाठवलेत, मूरिंगचा एकही नाही. बोटींचं जरा राहू द्या. आधी गमबूट चढवा आणि ओहोटीला त्या मूरिंगवर जाऊन या. दोन कीलची बोट दिवसातून दोनदा ज्या जमिनीवर बसणार, ती जमीन कशी आहे त्यावर बोटीचं आयुष्य ठरतं. विकणारा तुम्हाला शिडं दाखवेल, गाद्यांची नवी कव्हरं दाखवेल. ही जमीन कोणी दाखवणार नाही.

उधाणाची ओहोटी निवडा, म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर दोनेक दिवसांनी. पाणी उतरत असतानाच निघा, एकट्यानं जाऊ नका आणि काठावर एक माणूस उभा ठेवा, कारण एसेक्सचा चिखल विश्वासाचा नाही. हातात बोटहुक घ्या आणि टोचत चला. पाय घोट्यापर्यंत जात असेल तर जागा झकास. गुडघ्यापर्यंत गेला तर बोट मजेत बसेल, पण तुम्हाला उतरता येणार नाही, आणि बोट जमिनीवर टेकल्यावर खाली उतरून काम करायचा जो मोठा फायदा आहे तो गेला. एका साखळीचं मूरिंग असेल तर बोट वाऱ्याप्रमाणे आणि प्रवाहाप्रमाणे फिरते, त्यामुळे साखळीभोवतीचं सगळं वर्तुळ चालून बघा. जुना सिमेंटचा ठोकळा, शेजारच्या मूरिंगची तुटकी साखळी, कोणाचा तरी विसरलेला नांगर असं काहीही सापडतं. एक कील ठोकळ्यावर आणि दुसरी चिखलात, अशी बोट रात्रभर तिरकी बसली की तिच्या सांध्यांवर काय ओढ येते ते मी पुढे सांगतेच.

चिखलाची मला भीती नाही. भीती आहे ती घट्ट वाळूची, आणि तीही उघड्यावरच्या. बोट टेकते त्या वेळी पाणी कीलच्या तळाशी येतं, पण लाटा थांबलेल्या नसतात. लाट बोटीला उचलते, सोडते, तीन टनांचं धूड दोन कीलवर आदळतं, पुन्हा उचलते. फूटभर लाट धरली तर पाणी फूटभर खाली जाईपर्यंत हे चालतं. उधाण असेल तर पाणी झपाट्यानं उतरतं आणि पंधराएक मिनिटांत सुटका होते. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी रेंगाळतं, तोच मार अर्धा तास बसतो. मऊ चिखल हे धक्के गिळतो, वाळू ते जसेच्या तसे कीलच्या मुळाशी पोचवते. म्हणून जुनी बोट बघायला गेलात की पहिला प्रश्न "ही आतापर्यंत कुठे उभी असायची?" हा विचारा. आडोशाच्या फाट्यातली सेंटॉर आणि उघड्या वाळूच्या किनाऱ्यावरची सेंटॉर एकाच वर्षी, एकाच कारखान्यात बनलेल्या असल्या तरी आज त्या दोन वेगळ्या बोटी आहेत.

आता थोडं गणित. आकडे मी सोयीचे घेतलेत, तुम्ही तुमच्या जागेचे घाला. चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, कोरड्या पडणाऱ्या जागेची उंची अधोरेखित आकड्यात असते. समजा तुमची जमीन २ मीटर आहे. सेंटॉरला ०.९ मीटर पाणी लागतं, वर ०.३ मोकळं ठेवू, म्हणजे पाण्याची उंची ३.२ झाली की तुम्ही निघू शकता. उधाणाला भरती ५.२ आणि ओहोटी ०.८ धरा, भांगाला ४.० आणि १.८. सहा तासांत पाणी बाराव्या हिश्श्यांनी १, २, ३, ३, २, १ असं चढतं, हे तुम्हाला कोर्समध्ये घोकून घेतलंच असेल. त्या हिशेबानं उधाणाला तुम्ही भरतीच्या २ तास ५० मिनिटं आधी मोकळे होता, भांगाला साधारण अडीच तास आधी. १.२ मीटर पाणी लागणारी बोट असेल तर उधाणाला अडीच तास आणि भांगाला जेमतेम १ तास ५० मिनिटं. म्हणजे ड्राफ्टमधल्या (बोटीला तरंगायला लागणाऱ्या खोलीतल्या) ३० सेंटिमीटरनी उधाणाला पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडतो, आणि भांगाला त्याच्या दुप्पट.

पण तेच मूरिंग ३ मीटरवर असेल तर? भांगाच्या ४ मीटरच्या भरतीला तुमच्या कीलखाली १० सेंटिमीटर पाणी. त्या दिवशी हवेचा दाब चढा असला तर तेही नाही, कारण दाब एका मिलिबारनं वाढला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर दबते, आणि उन्हाळ्यातली छान निरभ्र हवा नेमकी चढ्या दाबाचीच असते. मुलांना घेऊन शनिवारी सकाळी उत्साहानं जाल आणि दिवसभर चिखलात बसून सँडविच खाल. काहीशे पौंडांत मूरिंग मिळतंय म्हणता, ते का, याचं उत्तर कदाचित याच आकड्यात असेल. मूरिंग देणाऱ्याला जमिनीची उंची विचारा, आणि शेजारच्या बोटवाल्याला "भांगाला तरंगते का हो?" असं विचारा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर शेजाऱ्याचं धरा.

जागा पसंत पडली की मग बोटी.

फिनवाली देखणी बोट यादीतून काढा. ती वाईट आहे म्हणून नाही. रोज दोनदा आडवी पडणारी बोट चौघांच्या घराला चालणार नाही. तिला दोन्ही बाजूंना टेकू देणारे पाय लावता येतात, त्याबद्दल शेवटच्या पत्रात.

तुमच्या मित्रांचं म्हणणं निम्मं खरं आहे. दोन कीलमुळे पाण्याला घासणारा पृष्ठभाग वाढतो, हलक्या वाऱ्यात बोट सुस्त वाटते, आणि वाऱ्यावर चढताना ती चांगल्या फिनवालीपेक्षा काही अंश खालीच राहते, वर थोडी बाजूलाही घसरते. पण मित्रांच्या डोक्यात बहुतेक १९६०च्या दशकातल्या बोटी आहेत, ज्यांच्या पोटाखाली दोन सपाट लोखंडी पत्रे उभे केलेले असत. इंग्लंडात दोन कीलची कल्पना त्याहून जुनी. रॉबर्ट बालफोर, म्हणजे पुढे जे लॉर्ड रिव्हरडेल झाले, त्यांनी १९२०च्या दशकातच 'ब्लूबर्ड' अशी बांधली होती. सेंटॉरच्या वेळेपर्यंत किती गोष्टी शिकून झाल्या होत्या: कील बाहेर फाकवायच्या, म्हणजे बोट कलली की वाऱ्याखालची कील सरळ उभी होऊन नीट काम करते. १९८०च्या दशकात डेव्हिड थॉमस यांनी हंटर होरायझनसारख्या बोटींना ज्या कील दिल्या, त्या बघून तर फिनवाले गप्प बसतात. मे ते सप्टेंबर ब्लॅकवॉटर, क्राउच, फार तर वॉल्टन बॅकवॉटर्सपर्यंत जाणाऱ्या घराला हा फरक रात्रीच्या जेवणाच्या वेळेइतका पडतो: जरा उशिरा पोचाल. पोचल्यावर मात्र ज्या खाडीत फिनवाले येऊ शकत नाहीत तिथे मुक्काम कराल.

एक गोष्ट मात्र फिनवाल्यांकडून शिकू नका. ते गाळात रुतले की सगळे एका बाजूला जाऊन बोट कलवतात, त्यानं त्यांचा ड्राफ्ट कमी होतो आणि ती सुटते. दोन कीलची बोट कलवली की खालची कील सरळ होते आणि ड्राफ्ट वाढतो. तुम्ही रुतलात तर बोट सपाट ठेवा, शिडं लगेच उतरवा आणि आल्या वाटेनं मागे घ्या. आणि उधाणाच्या भरतीला अगदी माथ्यावर रुतू नका. पुढच्या भरत्या रोज थोड्या कमी होत जातात, आणि पुन्हा तेवढं पाणी यायला पंधरवडा लागू शकतो.

आता सेंटॉर. लॉरेंट जाइल्सचं डिझाइन, २६ फूट, १९६९ ते १९८० या काळात दोन हजारांहून जास्त बनल्या. त्यामुळे सुटे भाग, अनुभव, शहाणपण सगळं मिळतं. वेस्टर्लीच्या मालकांची संघटनासुद्धा आहे. दिसायला ती बेतासबात, राहायला ऐसपैस. तिचं एकच दुखणं जगजाहीर आहे, आणि तुम्ही तेवढंच नीट तपासलंत तरी पुरे. हलच्या, म्हणजे बोटीच्या धडाच्या, पोटातून दोन जाड बुंधे खाली आलेले आहेत आणि ओतीव लोखंडाच्या कील त्यांना बोल्टनी जोडलेल्या आहेत. या बुंध्यांच्या आसपासचं फायबरग्लास कामाच्या मानानं लवचिक पडलं. वर्षानुवर्षं आदळल्यावर ते वाकतं, चिरा पडतात, पाणी झिरपतं. अनेक मालकांनी आतून आडव्या पट्ट्या आणि जादा थर घालून ते मजबूत करून घेतलंय. विकणाऱ्याकडे त्या कामाचं बिल आणि फोटो असतील तर त्या बोटीला ५०० पौंड जास्त द्या, घासाघीस नको.

मी नोकरीभर पुलांची तपासणी केली, तेव्हा चिरा हा माझा जिव्हाळ्याचा विषय. केबिनच्या फळ्या उचला. फक्त वरच्या नव्हेत, सोफ्याखालच्याही. विकणाऱ्यानं "त्या स्क्रूनं बसवल्यात" म्हटलं तर स्क्रूड्रायव्हर तुमच्या खिशात असू द्या. बिल्ज, म्हणजे फळ्यांखालचा बोटीचा तळ, ताजा रंगवलेला दिसला तर मला राग येतो. विक्रीच्या महिन्यात बिल्ज रंगवायची हौस कोणाला असते? टॉर्च तिरपी धरा, सरळ प्रकाशात केसासारख्या चिरा दिसत नाहीत. कीलच्या मुळाशी, हल जिथे खाली वळतो त्या वळणावर, लांबीच्या दिशेनं जाणारी रेघ शोधा. एखादी आखूड, कोरडी, धूळ भरलेली रेघ जेलकोटपुरती, म्हणजे वरच्या गुळगुळीत थरापुरती, असू शकते. कडा स्वच्छ आहेत आणि दोन्ही बाजूंना जेलकोटचे बारीक टवके उडालेत, तर ती रेघ हलतेय. मग नटांकडे या. वॉशरच्या कडेखाली नख फिरवा. गंजाची कोरडी पूड निघाली तर ठीक, लोखंडाला गंज येणारच. चहाच्या रंगाचा ओला ओघळ असेल तर त्यातला थेंब जिभेला लावा. किळस वाटेल, पण खारट लागला तर पाणी खालून येतंय, आणि गोडं लागलं तर डेकमधून उतरलेला पाऊस आहे. या दोन दुरुस्त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग बोट क्रेननं उचलून घ्या. त्याचे पैसे तुम्हाला द्यावे लागतील, द्या. यार्डात दोन कीलची बोट आपल्याच कीलवर उभी असते, त्यामुळे सांधा कायम दाबलेला असतो आणि सगळं आलबेल दिसतं. पट्ट्यांत हातभर वर लटकली की एकानं बाजूला उभं राहून कीलचं खालचं टोक आडवं ढकलायचं आणि दुसऱ्यानं आत नटांवर तळवा ठेवायचा. नट हलल्याचं तळव्याला कळलं तर तिथेच "धन्यवाद" म्हणून घरी जा. नंतर बोट जमिनीवर टेकवून, नीट टेकू लावून झाल्यावर (लटकत्या बोटीखाली मुळीच नाही) दोन कीलच्या मधे पाठीवर पडा. कील बाहेर फाकलेल्या असल्यानं वजन आलं की त्यांची खालची टोकं आणखी बाहेर जाऊ बघतात, आणि सांध्याची फट उघडते ती आतल्या बाजूला. बोटीभोवती फेरी मारून टायरला लाथ मारल्यासारखं हलला थोपटणाऱ्यांना ही बाजू कधीच दिसत नाही.

तिसरी गोष्ट इंजिन. १९७४च्या सेंटॉरमध्ये मूळचं व्होल्वो पेंटा एमडी२बी असेल तर ते खाऱ्या पाण्यानंच थंड होणारं, पन्नाशीला आलेलं यंत्र आहे. चालतंय तोवर चालतंय. नवं डिझेल इंजिन बसवून घ्यायचा खर्च बोटीच्या किमतीच्या वर जातो, म्हणून गेल्या काही वर्षांत नवं इंजिन बसवलेली सेंटॉर दिसली तर बाकी कळाहीन असली तरी तिच्याकडे पुन्हा बघा. इंजिन तुमच्यासमोर थंडगार असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच "गरम करून ठेवलं" असेल तर दुसऱ्या दिवशी या.

सॅडलर २६ ही सेंटॉरपेक्षा चांगली चालणारी बोट, यात वाद नाही. डेव्हिड सॅडलर यांचं डिझाइन. हलच्या दोन थरांमध्ये फोम भरलेला असल्यानं ती बुडत नाही असं ती विकताना सांगत, आणि ते खरं आहे. तोटा त्याच गुणातून येतो: पाणी कुठून तरी त्या दोन थरांत शिरलं तर कुठून, हे शोधताना डोकं फिरतं. पण माझा आक्षेप वेगळा. ती तुमचे ८,०००मधले ७,९०० खाईल. मग सर्व्हे, उचलणं, विमा, डोलकाठीच्या तारा, नवे सीकॉक (तळातून पाणी आत-बाहेर सोडणारे नळ), मुलांची लाइफजॅकेटं कशातून आणणार?

तेव्हा माझं मत: सेंटॉर, पण ४,५०० मागताहेत म्हणून ४,५०० देऊन नव्हे, आणि कीलचा सांधा वरच्या कसोटीला उतरला तरच. उतरला नाही तर दुसरी सेंटॉर बघा, दोन हजार बनल्या होत्या. तीच खटपट नको असेल तर वेस्टर्लीनं तिच्यानंतर काढलेली ग्रिफन बघा. एड डुबॉइसचं डिझाइन, तेवढ्याच लांबीची, चालायला जास्त चटपटीत. ३,००० तरी बोट घेतल्यानंतरच्या पहिल्या वर्षासाठी हातात ठेवा.

प्रश्न: मी पोर्टिसहेडला राहतो. इथल्या पाण्याचा जोर बघता दोन कीलच्या छोट्या जुन्या बोटीचा काही उपयोग आहे का, की ती पूर्वेकडच्या शांत खाड्यांतच शोभते?
— एक वाचक, सॉमरसेट

उत्तर: उलट तुमच्याकडेच तिचा खरा उपयोग. एव्हनमाउथपाशी उधाणाला भरती-ओहोटीत १२ मीटरहून जास्त फरक पडतो. जगात याहून मोठी भरती असलेल्या जागा हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील. पोर्लॉक वीअर, माइनहेड ही बंदरं ओहोटीला कोरडीठाक पडतात. तिथे सुखानं टेकू शकणारी बोट नसेल तर तुमच्या वाट्याचा किनारा फार आखूड होतो.

वर मी आदळण्याबद्दल लिहिलंय, त्यात तुमची एक सोय आहे. १२ मीटरच्या भरतीत मधल्या दोन तासांत पाणी ताशी ३ मीटर, म्हणजे मिनिटाला ५ सेंटिमीटर सरकतं. टेकण्याची ती नको असलेली वेळ पाच-सहा मिनिटांत संपते. पण टेकायची वेळ चुकली तर तेवढ्याच झपाट्यानं पाणी निघून जातं आणि तुम्ही बंदराच्या तोंडाशी बसता.

तुमच्या बोटीत मी कीलइतकंच इंजिन बघेन, किंबहुना जास्त. २६ फुटी बोट जीव तोडून सहा नॉटच्या आसपास जाते. समोरून चार-पाच नॉटचा प्रवाह असेल तर तुम्ही चालताय की तिथेच नांगरलाय, हे किनाऱ्यावरच्या माणसाला कळत नाही. तिकडे सगळा प्रवास प्रवाहाच्या वेळापत्रकावर होतो: निघताना पाण्याबरोबर निघायचं आणि पुढच्या बंदरात पाणी असेपर्यंत पोचायचं. अर्धा तास इंजिन बंद पडलं की त्याचा बारा तासांचा दंड बसतो. म्हणून दोन सारख्या बोटींत इंजिनची नोंदवही ज्याची जाड, ती बोट घ्या. सोबत वजनदार नांगर आणि भरपूर साखळी. १२ मीटर चढणाऱ्या पाण्यात ओहोटीला पुरेशी वाटलेली साखळी भरतीला जवळजवळ उभी होते.

प्रश्न: ब्रोकर म्हणतो बोटीला ऑस्मोसिसचे, म्हणजे फायबरग्लासमध्ये पाणी मुरून उठलेले, "थोडेसे फोड" आहेत, पण पन्नास वर्षांच्या बोटीला ते असणारच, सर्व्हेवर पैसे घालवू नका. कागदपत्रांचं काय बघावं?
— एक वाचक, केंट

उत्तर: फोडांबद्दल ब्रोकर बहुतांशी बरोबर आहे. त्या काळी हल जाड घडवत. दहा-वीस फोडांनी बोट मरत नाही, आणि त्यावरून किंमत कमी करून घेता येते. दोन कीलच्या बोटीत मात्र फोड कुठे आहेत ते बघा. कीलच्या मुळाशी दाटीनं असतील तर ते वेगळं प्रकरण. दोन कीलच्या मधल्या बाजूला ब्रश नीट पोचत नाही, त्यामुळे तिथे रंगाचे थर, शेवाळ, बार्नॅकल्स आणि आळस असं सगळं साठलेलं असतं. तिथला हातभर भाग खरवडून मागा.

सर्व्हेबद्दल ब्रोकरचं ऐकू नका. एक तर तो विकणाऱ्याचा माणूस. दुसरं म्हणजे इतक्या जुन्या बोटीला विमा कंपनी बहुधा सर्व्हे मागतेच, आणि निदान तिसऱ्या पक्षाचा विमा नसेल तर बरीच बंदरं आणि मूरिंगवाले उभं करत नाहीत. सर्व्हेअर स्वतः शोधा, ब्रोकरनं सुचवलेला नको, आणि त्याला पहिल्याच फोनवर विचारा: "दोन कीलच्या बोटी बघितल्यात का, आणि ती उचललेली असताना येणार का?" डोलकाठीच्या तारा किती जुन्या आहेत हेही विचारून ठेवा, दहाएक वर्षांनंतर विमावाले त्या बदलायला सांगू लागतात. सीकॉक स्वतः उघडून-मिटून बघा. बागेच्या नळासारखं गोल चाक असलेला झडपेचा सीकॉक दिसला तर तो बदलायच्या यादीत.

कागद: आधीच्या मालकांपासूनची विक्रीखतं जितकी मागे जातील तितकी चांगली. एसएसआर, म्हणजे छोट्या जहाजांच्या रजिस्टरातला नंबर हा मालकीचा पुरावा नव्हे. त्यात नोंद करताना मालकी तपासली जात नाही. ब्रोकर तो कागद फडकावून दाखवेल, तुम्ही विक्रीखत मागा. बोटीवर कर्ज काढलेलं नाही असं विकणाऱ्याकडून लेखी घ्या. फ्रान्स-हॉलंडला न्यायचा विचार असेल तर व्हॅट भरल्याचा जो काही जुना पुरावा असेल तो जपून ठेवा.

प्रश्न: नवरा म्हणतो, दोन कीलच्या बोटीत ओहोटीला घरच्यासारखी झोप लागते. मला खरं सांगा.
— एक वाचक, सफोक

उत्तर: टेकल्यावर लागते. टेकेपर्यंत नाही आणि पुन्हा तरंगताना नाही. भरती आली की पाणी आधी दोन कीलच्या मधल्या बोगद्यात शिरतं आणि तुमच्या उशीखाली चापट्या मारत राहतं. तरंगत असतानाही वारा आणि प्रवाह उलटे असले की हाच आवाज. पहिल्या रात्री तुम्ही उठून बसाल, तिसऱ्या रात्री कूस बदलाल. बोट जरा तिरकी बसली तर डोकं चढाच्या बाजूला ठेवा, हे नवऱ्याला न सांगता आधी जागा पकडा.

खरी अडचण दुसरीच आहे. टॉयलेट समुद्राचं पाणी ओढून चालतं आणि ओहोटीला समुद्र शंभर मीटर लांब गेलेला असतो. टेकायच्या आधी दोन बादल्या भरून ठेवा. इंजिनही वेळेत बंद करा. तळाशी फूटभर पाणी उरलं असताना ते चालू राहिलं तर थंड करायच्या पाण्याबरोबर गाळ आत ओढतं, आणि इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी ओढणारं चाक, त्यात लवकर संपतो. आणि उतरायची शिडी. तरंगत्या बोटीची शिडी पाण्यापर्यंत येते, टेकलेल्या बोटीची जमिनीपासून हातभर वरच संपते. बोट बघायला जाल तेव्हा ही शिडी जमिनीवर उभ्या बोटीवरून स्वतः उतरून आणि, जास्त महत्त्वाचं, चढून बघा.

प्रश्न: माझ्याकडे फिन कीलची बोट आहे आणि मला ती आवडते. पाय लावून दोन कीलचं काम भागणार नाही का?
— एक वाचक, चिचेस्टर

उत्तर: अधूनमधून टेकायला, तळ घासायला, एखाद्या शांत बंदरात एक रात्र काढायला भागेल. ब्रिटनी आणि चॅनेल बेटांकडे असे पाय लावून उभ्या असलेल्या बोटी सर्रास दिसतात. रोजच्या मूरिंगला नाही. पाय तुम्ही तिथे असतानाच लावायचे असतात, आणि ते जमिनीवर टेकतात तो तळवा एवढासा. मऊ जागी एक पाय खोल गेला की बोट त्या बाजूला झुकते आणि सगळा भार हलला जोडलेल्या एका बोल्टवर येतो. तो बोल्ट जिथे बसवलाय तिथे आतून भक्कम पाठपट्टी आहे का ते बघा. तसंच तुमची फिन लांब आणि बुडाशी सपाट आहे का? आखूड, खोल फिनवर उभी राहिलेली बोट पुढे-मागे डुलते, आणि कोणी पुढच्या डेकवर गेलं की नाक खाली करते. पहिल्यांदा पाय लावाल तेव्हा भांगाचे दिवस, सपाट घट्ट जागा आणि वारा नसलेली दुपार निवडा. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी दोर बांधा, आणि पाणी पूर्ण उतरेपर्यंत कोणालाही डेकवर इकडून तिकडे फिरू देऊ नका.